सचिवांच्या पऱ्ह्यांचं वय

काही माणसांचा राग यायला भांडण व्हावं लागतं. आमच्या शाळेच्या सचिवांचा राग यायला मला एक शब्द पुरला. शब्द इंग्रजी होता: एन्डेव्हर.

सिहोऱ्याकडच्या एका गावातल्या खाजगी शाळेत मी बारा-तेरा वर्षं तासिका तत्त्वावर इंग्रजी शिकवलं. जितके तास शिकवाल तितक्याचाच मोबदला आणि उन्हाळ्यात घरी बसा, असा तो कारभार. दर वर्षी एप्रिलच्या शेवटच्या सभेत सचिव उठायचे, चष्मा पुसायचे आणि माझ्याकडे न बघता म्हणायचे, "वुई शॅल एन्डेव्हर टू रेग्युलराइज मॅडम." एरवी ते सगळं मराठीतच बोलायचे. शिपायाला रागवायचं असो की डाळीचा भाव विचारायचा असो, मराठीतच. हे एकच वाक्य इंग्रजीत. मराठीत बोलले असते तर कोणीतरी विचारलं असतं, कधीपर्यंत? इंग्रजीत बोलल्यावर लोक टाळ्या वाजवतात.

तिसऱ्या की चौथ्या वर्षी मी ठरवलं, हा शब्द आहे तरी काय ते नीट पाहायचं. अर्थ मला ठाऊक होता, मुलांना मीच शिकवत होते. एन्डेव्हर म्हणजे मनापासून केलेला प्रयत्न. पण दर वर्षी ऐकूनही जो मनापासून केलेला प्रयत्न कुठे दिसत नाही, त्याची जात तपासावीशी वाटली. ऑफिसातल्या कुलूपबंद कपाटात एक जाडजूड शब्दकोश होता. किल्ली बाबूकडे असायची. रिकाम्या तासाला मी तो काढून घेतला आणि उभ्या उभ्याच वाचला.

त्यात लिहिलं होतं की हा शब्द जुन्या फ्रेंचमधून आला. तिकडे 'दव्वार' म्हणजे कर्तव्य. एखाद्या कामाबद्दल 'स्वतःला कर्तव्यात घालणं' असा एक वाक्प्रचार होता, तो इंग्रजांनी उचलला आणि त्याचाच पुढे एक शब्द झाला. त्या दव्वारचंही मूळ लॅटिनमध्ये निघालं. तिथे अर्थ होता, देणं लागणं. सुरुवातीला इंग्रज लोक हा शब्द वापरताना 'मी स्वतःला एन्डेव्हर करतो' असं म्हणत. म्हणजे मी स्वतःला या कामाशी बांधून घेतो. आता माझी सुटका नाही. पुढे तीन-चारशे वर्षांत हा शब्द घासत घासत गुळगुळीत झाला. बांधणं गेलं, देणं गेलं, राहिला नुसता प्रयत्न. आणि तो प्रयत्नही आमच्या सभेपर्यंत येता येता नुसता आवाज झाला.

मुलांसाठी मी मराठी शब्द शोधत बसले. प्रयत्न फिका पडतो. खटपट त्यात बसत नाही, खटपट माणूस स्वतःसाठी करतो. कष्ट म्हणावं तर त्यात घाम आहे, वचन नाही. शेवटी शब्द मिळाला तो आमच्या घरातल्याच बोलण्यात. लग्नाचा स्वयंपाक कोण पाहणार म्हटल्यावर एखादी बाई उठते आणि म्हणते, मी अंगावर घेतो; आमच्याकडे बायाही 'घेतो'च म्हणतात. मग मीठ कमी पडलं तरी तिलाच विचारतात. फ्रेंचांचं ते स्वतःला कर्तव्यात घालणं म्हणजे आमचं अंगावर घेणं. मी वर्गात तसंच शिकवलं. सचिवांना सांगायला गेले नाही. तेव्हा मला अजून त्यांची गरज होती.

गरज संपली ती अशी. माझं वय सरकारी अटीच्या पलीकडे गेलं आणि त्याच्या पुढच्याच वर्षी पदाला मान्यता आली. त्या पदावर सचिवांची सून लागली. मुलगी वाईट नव्हती, इंग्रजीही बरं होतं तिचं. माझं म्हणणं तिच्याशी नव्हतंच. मान्यता येणार हे ज्याला वर्षभर आधी ठाऊक होतं आणि जो माझं वय निघून जायची वाट बघत बसला, त्याच्याशी होतं. बाबूने हे मला नंतर सांगितलं, अगदी सहज, चहा पिता पिता.

मी रडले नाही. घरी माझी दोन एकर धानाची शेती होती. नवरा ट्रॅक्टर चालवतो, शेतीचं मीच बघते. रोवण्याच्या, म्हणजे धानाच्या लावणीच्या दिवसांत बाया मिळत नाहीत. पहाटे गाड्या येतात आणि लांबच्या तालुक्यांत घेऊन जातात. मी गावातल्या वीसेक बायांना एकत्र केलं आणि टोळी बांधली. एकराचा दर ठरवायचा, धानाचे पऱ्हे उपटायचे, बांधीत, म्हणजे बांध घातलेल्या शेतात, नेऊन रोवायचे. हिशेब मी ठेवीन, भांडण मी करीन, रोवायलाही तुमच्या ओळीत उतरीन. बाया मला अजून मॅडमच म्हणतात. गुडघाभर चिखलात, पाठ वाकलेली, मागे मागे सरत रोप लावणाऱ्या बाईला मॅडम म्हटलेलं ऐकून रस्त्याने जाणारे थांबून बघतात.

टोळीचे नियम दोनच. पहिला, ज्याला रोवणा करून हवा त्या मालकाने स्वतः माझ्या दारात येऊन सांगायचं. फोन चालत नाही, निरोप चालत नाही. हा नियम काही मी काढलेला नाही, आमच्याकडे जुन्या टोळ्यांचीही हीच रीत होती. फोनवर हो म्हणणारे ऐनवेळी दुसरी टोळी उतरवतात, दारात येऊन बोललेला माणूस सहसा फिरत नाही. जो आधी आला त्याचा नंबर आधी. दुसरा नियम, टोळीतल्या बाईचं स्वतःचं धान असेल तर तिला नंबर लागत नाही. तिने सांगितलं त्या दिवशी सगळ्या तिच्या बांधीत.

दोन वर्षांपूर्वीच्या आषाढात सचिवांनी शिपायाला पाठवलं. त्यांची जमीन तलावाखाली आहे, गावातली सगळ्यात चांगली. शिपाई शाळेचाच, माझ्या ओळखीचा. म्हणाला, सरांनी सांगितलंय टोळी पाठवून द्या. मी त्याला पाणी दिलं, त्याच्या पोरीची चौकशी केली आणि परत पाठवलं. मग सचिवांचा फोन आला. मी उचलला नाही. मग सुनेचा आला, तो उचलला, गोड बोलले, कळवते म्हटलं. त्यांच्या डोक्यात हे शिरलंच नाही की त्यांनी अजून सांगितलेलंच नाही. आयुष्यभर माणसं पाठवून कामं करून घेतलेल्या माणसाला वाटतं, शिपाई गेला म्हणजे आपणच गेलो. त्यांच्या हिशेबाने त्यांचा नंबर तिसरा-चौथा होता. माझ्या हिशेबाने त्यांचा नंबर नव्हताच.

आता पऱ्ह्यांबद्दल सांगायला हवं. धानाचं रोप आधी एका कोपऱ्यात दाट पेरतात, त्याला आम्ही पऱ्हे म्हणतो. तीन-साडेतीन आठवड्यांत ते उपटून चिखलात रोवायचं असतं. तेव्हा रोवलं तर त्याला भरपूर फुटवे येतात. जागेवरच राहिलं तर ते निबर होतं, बुडाला कांडी धरतं, पिवळं पडतं. मग कितीही खत घाला, ते उभं राहतं, लोंबीही टाकतं, पण दाणा हाताला लागत नाही. वय निघून गेलेलं असतं.

मी रोज त्यांच्या पऱ्ह्यांजवळून सायकल नेत होते. दुसऱ्या रस्त्यानेही जाता आलं असतं. हिरवा रंग उतरताना बघत होते आणि मला बरं वाटत होतं. आमची टोळी शेजारच्या बांध्या रोवत होती, पलीकडच्या रोवत होती, तलावाखालचं सगळं शिवार हिरवं होत होतं आणि मधे त्यांची चिखलणी केलेली जमीन नुसतं पाणी धरून बसली होती.

आमच्या टोळीत एक मावशी होती. तिच्या घरचे पिढ्यानपिढ्या तलावात मासे धरणारे. त्या वर्षी तलावाचा ठेका बाहेरच्या माणसाकडे गेला, म्हणून घरातल्यांचे हात रिकामे होते. रोवणाऱ्यांत तिच्याइतका वेगवान हात कोणाचा नव्हता आणि तिच्याइतकं तिखट तोंडही नाही. पण त्या आषाढात ती गप्प गप्प असायची. मी एकदोनदा विचारलं. गुडघा दुखतो म्हणाली.

शेवटी सचिव स्वतः आले. दारात नाही, धुऱ्यावर, शेताच्या बांधावर. आम्ही त्यांच्या शेजारच्या बांधीत होतो. पायात बूट, हातात छत्री, धोतराऐवजी आताशा पॅन्ट. बूट चिखलात रुतू नयेत म्हणून ते दगडावर उभे राहिले. बाया रोवत मागे मागे सरत होत्या, त्यामुळे सगळ्यांच्या पाठी त्यांच्याकडे सरकत गेल्या आणि त्यांना पाठींशीच बोलावं लागलं. मी उभी राहिले.

ते म्हणाले, "मॅडम, माझे पऱ्हे निबर होऊन राहिले."

"दिसून राहिलं, सर."

"मग टोळी कधी?"

"वुई शॅल एन्डेव्हर," मी म्हणाले.

त्यांना ते लगेच कळलं. तेवढे ते हुशार आहेत. ओठ दाबून हसले आणि म्हणाले की मॅडम, जुनं उकरू नका, तुमच्यासाठी मी काय कमी प्रयत्न केले? वरूनच मान्यता नव्हती.

"आली ना नंतर, सर. पण तेव्हा माझं वय निघून गेलं होतं. पऱ्ह्यांचंही तसंच असते. आता मान्यता येऊन काय करता?"

ओळीतल्या दोघी-तिघी खाली मान घालून हसल्या. एवढ्यासाठी मी थांबले होते. हे वाक्य मी सायकलवर कितीतरी वेळा म्हणून पाहिलं होतं. खरं सांगायचं तर त्यांनी आणखी थोडं विनवावं, मग मी आणखी थोडं नाही म्हणावं, असं मला हवं होतं. पण त्यांनी छत्रीचं टोक ओळीच्या शेवटाकडे केलं.

म्हणाले, "माझ्याकडे नका पाहू. तिच्याकडे पहा. अर्धं धान तिचं आहे."

छत्रीचं टोक मावशीकडे होतं. मावशीच्या हातातली रोपांची पेंडी तशीच राहिली. तिने वर पाहिलं नाही.

उन्हाळ्यातच तिच्या नवऱ्याने सचिवांची जमीन अर्ध्या बटईने घेतली होती. बियाणं आणि रोवण्याची टोळी सचिवांची, बाकी अंगमेहनत यांची, खळ्यावर निम्मं निम्मं. मी एवढे दिवस जे पिवळं पडताना बघून सुखावत होते, त्यात निम्मं मावशीचं होतं. आणि ती रोज माझ्याच शेजारी वाकून दुसऱ्यांच्या बांध्या रोवत होती.

मी तिला म्हटलं, "काहून नाही सांगितलं मावशी? टोळीतल्या बाईले नंबर नसते, तुले माहीत आहे ना?"

"सांगून काय करतो? सरचं नाव निघालं का तू तोंड फिरवते. मी म्हटलं, हे दोघं मोठे लोकं, भांडू द्या. आपलं मंग पाहू."

"आणि धान गेलं असतं तर?"

"तर गेलं असतं. तू थोडीच भरून देणार होती?"

मला त्या क्षणी सचिवांपेक्षा तिचा राग जास्त आला. मोठे लोक म्हणाली मला. सचिवांच्या रांगेत नेऊन बसवलं. आणि वाईट हे की त्यांच्या डोळ्यांत सुटल्याचा आनंद दिसत होता. मावशीला ढाल केलं की मी नमणार, हे त्यांनी ओळखलं होतं, म्हणून तर एवढे दिवस स्वतः यायची घाई केली नाही.

नमायचं नाही, हे मी तिथेच ठरवलं. आणि मावशीचं धानही जाऊ द्यायचं नाही. चिखलात उभं राहून फार विचार करता येत नाही, पाय रुतत जातात. मी त्यांना सांगितलं की टोळी आज उतरेल, आत्ता उतरेल, पण मावशीच्या बांधीत. तेव्हा आधी सांगा, मावशीची बांधी कोणती? बटई खळ्यावर वाटू नका, इथे वाटा. तलावाला लागून असलेल्या खालच्या चार बांध्या तिच्या, तिथलं सगळं धान तिचं. वरच्या चार तुमच्या, तिथलं सगळं तुमचं.

खालच्या बांध्यांत पाणी शेवटपर्यंत टिकतं. पऱ्हे थोडे निबर असले तरी तिथे निभतात. वरच्या बांध्यांत आणखी दिवस गेले की काही निभत नाही. हे त्यांना कळत होतं. ते म्हणाले, असं कुठे असतं का, बटईचा रिवाज वेगळा आहे. मी म्हटलं, टोळीचाही रिवाज आहे, आणि तुम्ही अजून माझ्या दारात आलेले नाहीत. त्यांनी घड्याळ पाहिलं, आभाळ पाहिलं. मग शाळेतल्या सभेत म्हणायचे त्याच आवाजात म्हणाले, "ठीक आहे. त्या दृष्टीने प्रयत्न करू."

"नाही सर," मी म्हणाले. "तुमच्या त्या शब्दाचा अर्थ मी तुमच्याच कपाटातल्या शब्दकोशात पाहिला. त्याचा अर्थ स्वतःला बांधून घेणं होतो, सोडवून घेणं नाही. आमच्या बायांना इंग्रजी येत नाही. त्यांना समजेल असं म्हणा. अंगावर घेतो म्हणा."

त्यांनी छत्री या हातातून त्या हातात घेतली. ओळीतली एक बाई कंबरेवर हात ठेवून उभी राहिली आणि म्हणाली, "म्हणा ना मालक. आमाले सांजलोक रोवायचं हाय."

"अंगावर घेतो," ते म्हणाले.

"आयकू नाही आलं," मागून कोणीतरी म्हणालं. पुढच्या ओळीत हसणं दाबलं गेलं.

त्यांनी परत म्हटलं. या वेळी पलीकडच्या धुऱ्यावर बैल चारणाऱ्यालाही ऐकू गेलं असेल. एन्डेव्हर हा शब्द पहिल्यांदा जसा बोलला गेला असेल, तसा त्या दिवशी आमच्या तलावाखाली बोलला गेला, असं मला वाटलं. मग ते दगडावरून उतरले, एक बूट रुतला, तो काढून हातात घेऊन गेले.

खालच्या चार बांध्या आम्ही त्याच दिवशी रोवल्या. वरच्या चारांसाठी सचिव दुसऱ्या दिवशी माझ्या दारात आले. मी त्यांना नंबर सांगितला. त्यांच्या आधी सहा घरं होती, सहाही घरं रीतसर आलेली. मी एकालाही पुढे-मागे केलं नाही. नंबर आल्यावर त्यांच्या बांध्याही अगदी सरळ ओळीत, हाताच्या मापाने रोवल्या. टोळीचं नाव खराब करून सूड घेणं मला परवडणारं नव्हतं, आणि त्याची गरजही नव्हती. कांडी धरलेल्या रोपाला कितीही चांगली ओळ दिली तरी ते काय करणार?

दिवाळीनंतर खालच्या बांध्यांतलं धान दाण्याच्या भाराने वाकलं. वरचं ताठ उभं होतं. ताठ उभं धान बघून शहरातला माणूस खूश होतो, आम्ही नाही. मळणीच्या दिवशी सचिव पोती घेऊन खालच्या खळ्यावर आले आणि मावशीच्या नवऱ्याला म्हणाले की सगळं मोजू आणि रिवाजाप्रमाणे निम्मं करू. मळणी यंत्रावर आमच्याच टोळीतल्या बाया होत्या. कोणी भांडलं नाही. एकीने यंत्र बंद केलं. मग सगळ्या त्यांच्याकडे बघत उभ्या राहिल्या. ते पोती घेऊन परत गेले. पोती रिकामी होती, पण त्यांनी ती खांद्यावर अशी टाकली होती की भरलेलीच वाटावीत.

मावशीच्या घरी त्या वर्षी पुरेसा तांदूळ होता. म्हणून ती माझ्यावर खूश झाली असं नाही. उन्हाळ्यात सचिवांनी तिची बटई काढून घेतली, सगळी जमीन आता स्वतः करणार म्हणाले. मावशी माझ्याकडे आली, अंगणात बसली आणि सरळ म्हणाली, "माह्या धानावर पाय ठेवून तू आपला सूड काढला."

"काढला," मी म्हणाले. "आणि तुह्या घरात धान आलं."

"एका सालचं. पुढच्या सालचं काय?"

तिचं म्हणणं बरोबर होतं. मी तिच्यासाठी जमीन शोधायला लागले. चांगली जमीन कोणी देत नाही. कारध्यापर्यंत विचारून आले, तिकडच्या लोकांनी आपल्याच नात्यात दिली होती. शेवटी आमच्याच गावात एका बोडीखालचा, म्हणजे छोट्या तळ्याखालचा, दगडाळ तुकडा मिळाला. मावशीने तो बघितला, माझ्याकडे बघितलं आणि घेतला. त्याची पहिली चिखलणी माझ्या नवऱ्याने करून दिली. तो माझ्या सुडाचा खर्च होता, तो मी भरला. सचिवांनी त्यांचा भरला. त्यांचा जास्त होता, एवढं मला पुरे.

राग गेला का, असं मला बाया अधूनमधून विचारतात. गेला नाही. फक्त त्याला आता घाई नाही.

गेल्या वर्षी सचिवांनी आमच्या दारात यायचं टाळण्यासाठी रोवणी करायचं यंत्र भाड्याने आणलं. बघायला अर्धं गाव गेलं. यंत्र छान होतं, लाल रंगाचं, बाईसारखंच ओळीने रोप लावत जायचं. वरच्या बांध्यांत ते चाललं. खालच्या बांध्यांत तलावाचा गाळ आहे, तिथे आम्हीसुद्धा मांडीपर्यंत जातो. पहिल्या वळणालाच चाकं बसली. चालवणारा परगावचा, तो उडी मारून उतरला आणि कंबरेपर्यंत गेला. त्याला आधी काढावं लागलं.

आम्ही मावशीच्या दगडाळ तुकड्याकडे जात होतो, डोक्यावर पेंड्या. धुऱ्यावर सचिव फोन कानाला लावून उभे होते, ट्रॅक्टर शोधत. सगळ्यात जवळचा ट्रॅक्टर माझ्या नवऱ्याचाच होता आणि तो त्या दिवशी मावशीच्या चिखलणीला होता. सचिवांनी फोन खाली घेतला आणि माझ्याकडे पाहिलं. मी काही बोलायच्या आधी मावशी थांबली, डोक्यावरच्या पेंड्या सावरल्या आणि म्हणाली, "सर, मशीनले ढकलून पाहा. आमचं झालं का येतो आमी. नंबर लागला का."

ती पुढे निघाली. मी तिच्या मागे.